शेंदराखालची नावं

राहीने करवंटीची धार दगडाला लावली आणि शेंदूर खरवडायला घेतला. वरच्या दोन ओळी तिने तशाच सोडल्या, तिसरीपासून सुरुवात केली. तेलकट पापुद्रा निघाला, त्याच्याखाली आणखी एक निघाला. अक्षर काही दिसेना.

"काकी, ह्ये काय चालवलंस?"

मागे धाकू गुरव नारळांची टोपली घेऊन उभा होता.

"माज्या पोराचं, सदूचं नाव बुजलं रे. तेवडंच मोकळं करतंय."

"देवाला खरवडतात काय गो? गावावर कोप झाला म्हंजे कोन निस्तरनार?"

त्याने करवंटी तिच्या हातातून काढून घेतली. रागाने नव्हे, पोराच्या हातातली सुरी काढून घ्यावी तशी. मग तो देवळाकडे निघून गेला आणि राही रिकाम्या हातांनी बसून राहिली.

दोन वर्षांपूर्वी, बावन्न साली, हा दगड चव्हाट्यावर उभा केला तेव्हा तो देवबीव काही नव्हता. जर्मन-जपानच्या लढाईत गेलेल्या गावच्या सहा मुलांची नावं, एवढंच त्याच्यावर होतं. त्या सहांसाठी सभा मात्र पाच झाल्या. पलटणीतून परतलेल्या सुभेदारांना वर कोरलेली बंदूक हवी होती. मास्तर म्हणाले, नुसती नावं असू द्या. मोहल्ल्यातल्या मरियमचा युसुफ बोटीवर आगवाला होता, भट्टीत कोळसा घालायचा; बोटीबरोबरच बुडाला. त्याने बंदूक धरली नव्हती, मग त्याचं नाव घालावं का, यावर एक अख्खी सभा गेली. शेवटी सुभेदारच गरजले, "पाण्यात मेला तो काय आंघोळीला गेला व्हता?" आणि चौथ्या ओळीत युसुफ आला, सदूच्या खाली.

वरचा भाग मोकळा दिसतो म्हणून जुन्या वीरगळावर असतात तसे चंद्र आणि सूर्य काढायचं ठरलं. ते असेतो ही नावं राहतील, असा त्याचा अर्थ. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली, पण त्यांचं कोण ऐकतो! मरियमला तर चंद्र फार आवडला. आपल्याकडचंही काहीतरी दगडावर आलं, असं तिला वाटलं.

जांभ्यावर अक्षर टिकत नाही, म्हणून काळा दगड घाटावरून आणला होता. सखाराम पाथरवट घडवायला बसला, तेव्हा राही आणि मरियम दोघी त्याच्याकडे गेल्या होत्या.

"आमी काय वाचनाऱ्या बायका नाय," राही म्हणाली. "बोटाला लागतील अशी खोल काढ."

त्याने काढली. दर मंगळवारी बाजारातून परतताना दोघी तिथे टेकायच्या. एकीचं बोट तिसऱ्या ओळीवर, दुसरीचं चौथ्या. मग घरच्या गोष्टी, सुनांच्या कागाळ्या, आणि आपापल्या वाटेने घरी.

पुढचं सगळं राहीच्याच हाताने झालं. सदू मुंबईहून परस्पर पलटणीत गेला होता. त्याला ओवाळायचं राहून गेलं होतं, आणि ते तिला आत कुठेतरी सलत होतं. एका मंगळवारी तिने पुडीतलं कुंकू चिमटीत घेतलं. नावाला कपाळ नसतं, म्हणून तिने ते वरच्या सूर्याला टेकवलं. एवढंच केलं तिने. पण दुसऱ्या दिवशी ते कुंकू पाहून कुणी फूल वाहिलं. महिपतची हरवलेली म्हैस तिथेच सापडली, त्याने नारळ फोडला. अमावास्येला धाकूने शेंदूर लावला, आणि मग दर अमावास्येला. सखारामाने खोल काढलेल्या अक्षरांत तो छान भरत गेला.

मरियमला कुणी येऊ नकोस म्हटलं नाही. धाकू फक्त म्हणाला, वहाणा लांब काढा. मोहल्ल्यात तिचा दीर म्हणाला, देवाच्या दगडाला हात लावतेस होय? तिने दोघांचंही ऐकलं.

आज मंगळवार होता. दगडांच्या बुटक्या गडग्यापलीकडे मरियम येऊन थांबली. डोक्यावरची पाटी तिने गडग्यावर टेकवली, पण अलीकडे पाऊल टाकलं नाही.

"राहीबाय, बरी हायस ना?"

"बरी हाय. ये गो, कोन नाय आता."

"नको." ती दगडाकडे बघत राहिली. तिची नजर आता अधू झाली होती. तिला तो नुसता तांबडा दिसत असणार. "माजा युसुफ हाय ना गो तितं अजून?"

आपण चिमूटभर कुंकवाने या बाईचा मुलगा दुसऱ्यांदा बुडवला, असं राहीला वाटलं.

"हाय की. जाईल कुटं?"

"मग माज्या वाटचा तू हात लाव."

राही उठली. तिने वरून ओळी मोजल्या, अंदाजानेच. चौथ्या जागी बोट टेकवलं आणि हळूहळू फिरवलं. बोटाखाली मऊ, गुळगुळीत शेंदूर होता.

"लागतंय?" मरियमने विचारलं.

"लागतंय गो. सगळं लागतंय."

मरियमने पाटी उचलली. राहीने बोट लुगड्याच्या आतल्या बाजूला पुसलं आणि तोच हात वर करून तिला निरोप दिला.