गुरुवारची खुर्ची

मित्रांनो, माझ्यावर बसण्याआधी जरा जपून, कारण माझा वेत मधोमध उसवला आहे. मी एक जुनी खुर्ची आहे. एका म्हाताऱ्या कारागिराने वेत पाण्यात भिजवून, एकेक पट्टी ओढून मला विणले. मला विकताना तो म्हणाला होता, "दोन पिढ्या बसतील हिच्यावर."

मला विकत घेणारी ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचे काम करी. तिचे लग्न झाले नव्हते. एका खोलीत ती एकटी राहत होती, त्यामुळे घरात खुर्चीही एकच होती. दुसरी, म्हणजे मी, आले ती तिच्या मैत्रिणीसाठी. ही मैत्रीण परिचारिका होती. दर गुरुवारी संध्याकाळी ती यायची, माझ्यावर बसायची आणि दोघी मिळून प्रार्थना करायच्या. असे बारा वर्षे चालले. मैत्रिणीनेही माझ्यावर बसून आपल्या संसारातले पुष्कळ काही सांगितले. ते मी तुम्हाला सांगणार नाही.

रविवारी ताई चर्चमध्ये लहान मुलांचा वर्ग घेई. त्या वर्गात तिचा जीव होता. शनिवारी चित्रे कापताना ती गुणगुणत असे.

एका गुरुवारी ती मैत्रिणीला म्हणाली, "कुणाला सांगू नकोस. मला हल्ली देवाचा राग येतो. सगळ्यांच्या लग्नात मी फुलं लावायची आणि घरी येऊन भांडी आपटायची. मुलांना सांगते, देव प्रेमळ आहे. मग स्वतःच त्याच्याशी भांडत बसते."

मैत्रिणीने तिचा हात हातात घेतला. "वेडी आहेस का? कुणाला कशाला सांगू?"

तीन आठवड्यांनी चर्चचे पाळक घरी आले. ताईने त्यांना माझ्यावरच बसवले. ते बराच वेळ हवापाण्याचे बोलले. मग म्हणाले, "तुमच्या मैत्रिणीने बायकांच्या गटात तुमच्यासाठी प्रार्थना मागितली. अगदी काळजीने. देवावर राग धरणाऱ्या बाईच्या हाती मुलं नकोत, असं काही पालकांचं म्हणणं पडलं. तुम्ही काही दिवस विश्रांती घ्या."

"आणि वर्ग?"

"तुमच्या मैत्रिणीने घ्यायचं कबूल केलंय."

पाळक गेले. ताईने मला उचलले आणि मागच्या बोळात, बादल्यांशेजारी नेऊन ठेवले. मला राग आला नाही, पण वाईट फार वाटले. मी तरी कुठे काही बोलले होते? तिथे मी पावसात भिजले, उन्हात तडकले. एका मांजरीने माझ्यावर नखे घासली.

बोळाची खिडकी उघडी असे, म्हणून पुढचे मला ऐकू आले. एके दिवशी चर्चमधल्या एक काकू आल्या. म्हणाल्या, "तुला तर तुझ्या मैत्रिणीच्या घरातलं सगळं ठाऊक असेल. तूही बोल की. कळू दे लोकांना ती किती धुतल्या तांदळासारखी आहे ते."



"ठाऊक आहे," ताई म्हणाली. "पण सांगणार नाही. चहा ठेवू का, काकू?"

काकू गेल्यावर ताई खिडकीशी आली आणि म्हणाली, "देवा, मी चांगली आहे म्हणून गप्प बसले नाही. सगळं सांगून टाकावंसं वाटत होतं. अजूनही वाटतंय. माझ्या तोंडावर तूच हात ठेव."

पुढे एकदा मैत्रीण स्वतःच आली. ताईने मला बोळातून आत आणले, पुसले आणि तिला बसायला सांगितले.

"मी तुझ्या काळजीपोटीच सांगितलं गं," मैत्रीण म्हणाली.

"मला विचारलं असतंस, तर मी नको म्हणाले असते. हे तुला माहीत होतं, म्हणून तू विचारलं नाहीस."

मैत्रीण मान खाली घालून बसली. मग पुटपुटली, "चुकलं माझं. माफ करशील?"

"रोज करते. सकाळी केलं की दुपारी काच घासताना पुन्हा राग येतो, मग पुन्हा करते. तुझं काही बाहेर जाणार नाही, ती भीती बाळगू नकोस. पण गुरुवारी आता येत जाऊ नकोस."

मैत्रीण उठली तेव्हा माझा जीर्ण वेत उसवला. दोघींपैकी कुणाचेच तिकडे लक्ष गेले नाही.

ताईला वर्ग परत मिळाला नाही. रविवारी ती मागच्या बाकावर बसते आणि मुले दुसऱ्या खोलीत गातात, ते ऐकते. गुरुवारी एकटीच प्रार्थना करते. मैत्रिणीचे नाव घेताना तिचा आवाज अजूनही अडतो, पण नाव ती गाळत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी तुम्हाला सांगायला हवे. पण त्याहून माझे एक मागणे आहे. कुणी तुमच्यासमोर बसून मन मोकळे केले, तर ते तिथेच राहू द्या. प्रार्थनेसाठीसुद्धा ते दुसऱ्यांना सांगू नका. देवाने ते आधीच ऐकलेले असते.