एका काडीवर दोन विड्या

आठ वर्षं भिकन आणि त्याचा थोरला भाऊ कोंडाजी एकमेकांशी बोलले नव्हते. कारण ऐकाल तर हसाल. कोंडाजीच्या मुलीच्या लग्नात माईकवरून नावं पुकारून मानकऱ्यांना फेटे बांधले, आणि सख्ख्या चुलत्याचं, भिकनचंच, नाव पुकारायचं राहिलं. एकाने चूक कबूल केली नाही, दुसऱ्याने राग गिळला नाही.

पण घोटीच्या बाजारच्या दिवशी भाताच्या गिरणीमागे दोघं न चुकता भेटायचे. कोंडाजी काडी ओढायचा, आपली विडी पेटवायचा आणि तीच काडी भिकनपुढे धरायचा. ती विझायच्या आत भिकन वाकायचा. मग मुक्याने दोघं झुरके घेत बसायचे. एवढंच नातं उरलं होतं, आणि भिकन ते जिवापाड जपत होता.

अठ्ठ्याण्णव साली डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून त्याला चांगलंच झापलं. बायकोने, कुसाबाईने, शपथ घातली. भिकनने तीनदा विडी सोडली. आठवडाभर तलफ आली की बडीशेप चघळायचा, निभावून न्यायचा. बाजारच्या दिवशी काडी पुढे आली की संपलं.

"मनच घट्ट नाय तुमचं," कुसाबाई करवादायची. बिचारीला काय ठाऊक, काडी नाकारणं म्हणजे भाऊ नाकारणं. आणि डॉक्टरांनी मना केलीय एवढं सांगायचं, तर आधी तोंड उघडायला हवं!

मग एक दिवस खोकल्यातून रक्त पडलं. त्या बाजारी काडी पुढे आली तेव्हा भिकनने हात जोडले.

बोटाला चटका बसेपर्यंत कोंडाजीने काडी धरून ठेवली. मग पिशवी उचलली आणि चालू लागला.

भिकनला वाटलं, आता गेला तो कायमचाच. तो धापा टाकत मागे धावला.

"दादा, थांब! दम लागतो रे मला. रक्त पडतंय."

कोंडाजी थांबला, पण वळला नाही. "मला पन लागतो," तो म्हणाला. "घरी कवाच सोडली मी. हितं तेवढी तुझ्यासाठी पेटवतो."

भिकनला रडावं की शिव्या घालाव्यात, कळेना. अवघडून कोंडाजीचा हात बंडीच्या खिशातल्या काडेपेटीकडे गेला. भिकनने तो मनगटाशी पकडला, आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही.