वलवणच्या धुक्याने वाचवलेली रतन

हे तुम्हाला पटणार नाही. गेणू टांगेवाला तर आत्ताच मिशीत हसतोय. हस बाबा. पण चौतीस सालच्या पावसाळ्यात वलवणच्या धुक्याने एका कादंबरीतला मजकूर खोडला, हे या दस्तगीरने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

तेव्हा मी धरणाजवळच्या एका बंगल्याची राखण करायचो, स्वयंपाकही करायचो. पुण्याचे कादंबरीकार टिपणीस तिथे चार महिने राहायला आले. उजाडलं की चाकूने पेन्सिलीला टोक काढणार आणि जेवणापर्यंत लिहिणार. मग झोप. उठल्यावर चहा-पाव घेत, व्हरांड्यात फेऱ्या मारत सकाळचं लिखाण मोठ्याने वाचणार. कानाला खटकलं की मारली काट.

‘‘दस्तगीर, लिहिणं सोपं रे. खोडायला छाती लागते.’’

कागद वाळवणं माझ्याकडे. लोणावळ्याच्या पावसात कागद भिजलेल्या पापडासारखा लुळा पडतो. साहेब झोपले की मी शेगडीवर टोपली पालथी घालायचो आणि बाळाची दुपटी वाळवतात तशी त्यावर पानं टाकायचो. मराठी चौथी झालेली, त्यामुळे वाचायचोही. मग मागच्या खोलीत जाऊन सगळं रोशनबीला सांगायचो. माझी बायको तेव्हा हिवतापाने अंथरुणाला खिळलेली. तापावरचं औषध कोयनेल कडूजहर, तोंडच उघडायची नाही. कादंबरीतल्या रतनचं पुढे काय झालं ते सांगितलं, तरच एक घोट.

‘‘रतन जिती हाय न्हवं?’’ हा तिचा रोजचा पहिला प्रश्न.

एका दुपारी पान वाळवताना शेवटची ओळ वाचली. ‘रतन घागर घेऊन तळ्यावर गेली आणि तिने पाण्यात जीव दिला.’ आता औषध कशावर पाजू?

अल्लाची शपथ, तेवढ्यात खिडकीतून धुकं आत आलं. घरच्या माणसासारखं सरळ टोपलीपाशी गेलं, पानावर जरा टेकलं आणि आल्या वाटेने निघून गेलं. बघतो तर ‘तळ्यावर गेली’च्या पुढे कोरा कागद!

साहेब वाचत वाचत त्या ओळीला आले आणि पाव घशातच अडकला.

‘‘दस्तगीर! अरे, मरण कुठं गेलं?’’

‘‘साहेब, धुकं शिरलं व्हतं.’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी रतनला पुन्हा बुडवलं, धुक्याने पुन्हा वर काढलं. तिसऱ्या दिवशी साहेबांनी खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या. आत शेगडी आणि मी, एवढेच. तरी मरण साफ! साहेबांचा चेहरा पांढराफटक. त्यात त्यांचे पावही पोकळ निघायला लागले, नुसती सालं.

‘‘दमट हवेत पाव आतून बसतो, साहेब,’’ मी म्हणालो.

चौथ्या दिवशी त्यांनी चिंध्या काढल्या, खिडकी सताड उघडली आणि धुक्याला हात जोडले.

‘‘एवढा हट्ट तर माझ्या प्रकाशकानंसुद्धा धरला नाही,’’ म्हणाले आणि पेन्सिल उचलून लिहिलं, ‘आणि घागर भरून परत आली.’

ते ऐकून रोशनबीने कोयनेल गटकन घेतलं. पंधरवड्यात उठून बसली. ती बघा, दारात तांदूळ निवडतेय. धुकं नसतं तर...

‘‘चाचा, खरं म्हनता?’’ गेणूने विचारलं.

‘‘शपथेवर!’’

सूप खाली आपटलं.

‘‘शपथ कशाला खाता?’’ रोशनबी म्हणाली. ‘‘गेणूभाऊ, शिसपेन्सिल धुक्यानं पुसती व्हय? पावाच्या मऊ गोळ्यानं पुसती. मला कोयनेल पाजताना ह्यांची बोटं शिशानं काळी अन् नखांत पावाचा चुरा. मी आजारी व्हते, आंधळी न्हवते. धुकं म्हनं!’’