दादाच्या खिशातली वजनं

माझा दादा जन्मभर किराणा दुकानात बसला, पण त्याने कधी काटा मारून कुणाला कमी तोललं नाही. हे त्याच्याच तोंडून ऐकून ऐकून माझे कान किटलेत. तेव्हा त्याच्या पँटच्या खिशांत त्याच्याच दुकानातली लोखंडी वजनं कोंबताना मला काय काय ऐकावं लागलं असेल, विचारू नका.

"हे पाप आहे," तो म्हणाला.

"पापबिप काही नाही. गप उभा राहा."

करता काय? आरोग्य केंद्रातली नर्स म्हाताऱ्या माणसांचं कुपोषण तपासत घरोघरी फिरत होती. मागच्या खेपेला दादाचं वजन बरंच घटलेलं निघालं. लगेच त्याच्या मुलीने मला फोनवर बजावलं, "आत्या, या वेळी आणखी कमी भरलं, तर बाबांना मी माझ्याकडे घेऊन येणार." आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवला. आम्हा दोघांचेही जोडीदार गेले. तेव्हापासून आम्ही बहीणभाऊ एका घरात राहतो आणि रोज भांडतो. तो गेला तर मी भांडू कुणाशी, भिंतींशी? शिवाय माझ्या हातचं खाऊन माणूस वाळतो, म्हणजे काय!

नर्स आली. दादा पँट दोन्ही हातांनी धरून, पावलागणिक खणखणत बाहेर आला.

"किल्ल्या," मी घाईघाईने म्हणाले.

तो काट्यावर चढला. नर्सने आकडा पाहिला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "वा आजोबा! महिन्याभरात एवढं? खाता तरी काय?"

दादाचं तोंड एवढंसं झालं. "बाई," तो म्हणाला, "हा काटा मारलेला आहे."

आणि दुकानात मांडायचा तसं एकेक वजन टेबलावर मांडायला लागला. दोन्ही हात त्या कामाला लागल्यावर पँट धरायला कुणी उरलं नाही.

"बरं झालं," नर्स शांतपणे म्हणाली. "पोटरीला टेप लावायचीच होती." टेप लावून तिने मान हलवली. "भूक लागत नाही का हो?"

एकदा खरं बोलायला लागलेला दादा कसला थांबतोय. "सडकून लागते. पण हिचं जेवण इतकं खारट, की घशाखाली उतरत नाही. दोन वर्षं झाली!"

"मग बोलला का नाहीस?" मी किंचाळले.

"तुझा नवरा गेला तेव्हा तू बिछान्यातून उठत नव्हतीस. उठलीस ती मला भाजी करून घालायला. कुठल्या तोंडाने सांगू?"

नर्सने पातेल्यातली भाजी चाखली आणि पाण्याचा तांब्या रिकामा केला. "आजी, तुम्हाला हे खारट नाही लागत?"

"अळणी लागतं. म्हणून तर हल्ली जेवण जात नाही."

तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. "चढा काट्यावर. खिसे रिकामे आहेत ना?"

जुन्या नोंदीशी ताडून पाहिलं, तर माझं वजन दादापेक्षा जास्त घटलं होतं. कधीकधी वयाबरोबर जिभेची चव जाते, दोघंही डॉक्टरांना दाखवा आणि मिठाचा डबा आजोबांकडे द्या, असं बजावून ती गेली. भाचीने तासभर मला झापलं आणि शेवटी महिन्याची मुदत दिली.

महिनाभर मीठ दादाने घातलं, तेही तराजूत तोलून. मला अळणीच लागायचं, पण तो समोर बसून माझे घास मोजायचा.

नर्स पुन्हा आली तेव्हा दादा दोन्ही खिसे बाहेर काढून काट्यावर चढला. वजन थोडंसं वाढलं होतं. माझंही. भाची म्हणाली, "राहा दोघं तिथेच."

त्या दिवशी जेवताना दादाने पहिल्यांदाच कुणी न विचारता माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली. "भाजी करपलीय," म्हणाला आणि तिसऱ्यांदा वाढून घेतली. मला इतका आनंद झाला, की मी झोपेपर्यंत त्याच्याशी भांडले.