चंद्राबाईंनी मागितलेला नंबर

भोरच्या तरुण मंडळाची पत्रिका कामथडीत आली तेव्हा भाताची लावणी नुकतीच उरकली होती. चंद्राबाईंनी ती ओट्यावर बसून वाचली. मंडळाने गायनाची स्पर्धा ठेवली होती. पहिल्या दोघांना दिवाळीत भोरच्या चौकात तासभर गायला मिळणार होतं. खाली छापलं होतं: 'एके काळच्या प्रसिद्ध गायिका श्रीमती चंद्राबाई यांचा सत्कार.'

"काय लिवलंय, आक्का?" धाकट्या भावाने, नाथाने विचारलं.

"शाल देत्यात मला. गाणं नगं म्हणत्यात."

सत्तावन्न साल होतं. चंद्राबाईंनी वीस वर्षं नाटक कंपनीत काढली होती. हरवलेल्या हरणीला हाका मारणाऱ्या मुलीचं त्यांचं पद रेकॉर्डवर निघालं, तेव्हा साताऱ्यापासून नाशिकपर्यंत चहाच्या हॉटेलांतून तेच वाजायचं. मग सिनेमा आला, कंपनी मोडली, पडदे लिलावात गेले आणि बाई भावाच्या घरी परत आल्या. लोक मान द्यायचे, पण तोंडावर म्हणायचे, "काय आवाज होता बाईंचा." बाई रोज पहाटे गोठ्यात गुरांसमोर रियाज करत. आवाज खाली उतरला होता, पण गेला नव्हता. ते फक्त नाथाला ठाऊक होतं.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी दोघं एसटीने भोरला उतरली. शाळेच्या सभागृहात गर्दी होती. मंडळाचे चिटणीस कुंडलिकराव हार घेऊन धावत आले.

"या बाई, या. तुमची खुर्ची पुढं आहे, परीक्षकांच्या शेजारी."

"खुर्ची राहू द्या," बाई म्हणाल्या. गावाबाहेरच्या माणसांशी त्या अजून कंपनीतली भाषा बोलत. "माझं नाव गाणाऱ्यांत लिहा."

कुंडलिकरावांना वाटलं, बाई थट्टा करतात. "अहो, ही पोरांची स्पर्धा आहे."

"पत्रिकेत वयाची अट दिसली नाही मला."

"पण तुमचं नाव केवढं मोठं. उद्या नंबर आला नाही तर लोक काय म्हणतील?"

"हरली म्हणतील. ते मला चालेल. नंबर द्या."

कुंडलिकरावांनी परीक्षकांकडे पाहिलं. पुण्याहून आलेले ते वयस्कर गवई म्हणाले, "लिहा." बाईंना तेविसावा नंबर मिळाला. त्या बाकावर पोरापोरींच्या रांगेत जाऊन बसल्या. शेजारची दोघं अंग चोरून सरकली.

बाविसावी मुलगी मार्गासनीची होती, बाळाबाई नावाची. बाप मेंढरं राखायचा. तिने तोंड उघडलं आणि चंद्राबाई बाकावर पुढे सरकल्या. पोरगी हरणीचंच पद म्हणत होती. हॉटेलच्या दारात उभी राहून रेकॉर्ड ऐकून शिकली होती. शेवटची हाक तिने अशी चढवली की मागचे लोक उठून उभे राहिले. ती जागा आता बाईंच्या गळ्यात नव्हती.

बाई उठल्या तसा नाथा जवळ येऊन पुटपुटला, "आक्का, दुसरं कायतरी म्हण. लोक हसतील."

"हसू दे. म्या ह्येच बसवून आलीया."

पेटीवाल्याला त्यांनी पदाचं नाव सांगितलं, पट्टी बरीच खालची सांगितली.

"बाई, ते पद आत्ताच झालं," पेटीवाला म्हणाला.

"ते तिचं झालं. माझं व्हायचंय."

पहिल्या ओळीला कुणीतरी खाकरलं. बाईंनी लय धीमी ठेवली. रेकॉर्डवरची मुलगी हरणी सापडेल म्हणून हाका मारायची. आज गाणारीला ती सापडणार नाही हे ठाऊक होतं, तरी ती हाक मारत होती. वरची जागा आली तेव्हा त्या वर गेल्याच नाहीत. तोच सूर खालच्या सप्तकात धरून त्यांनी तो लांबवला. किंचित चिरला, तरी सोडला नाही. गाणं संपलं आणि टाळी यायला वेळ लागला. आली ती मात्र लवकर थांबली नाही.

निकाल सांगायला कुंडलिकराव उभे राहिले. पहिली बाळाबाई. मग ते म्हणाले, "चंद्राबाईंना आपण स्पर्धेबाहेर ठेवून विशेष मानाची शाल देऊ. दुसरा क्रमांक..."

"थांबा," बाई बाकावरूनच म्हणाल्या. "परीक्षकांनी मला कितवी ठरवलंय?"

गवयांनी कागद वर केला. "दुसरी."

"मग तसं पुकारा. शाल दुसऱ्या कुणाला द्या. मला दिवाळीचा तास हवाय."

कुंडलिकरावांचा चेहरा उतरला, पण त्यांनी पुकारलं.

बाहेर पडताना बाळाबाई पाया पडली. "बाई, तुमचं पद म्या म्हणलं. राग आला का?"

"लई आला," चंद्राबाई आता गावच्या बोलीत म्हणाल्या. "येवढी हाक चढवतीस आन् मधी श्वास चोरतीस. ऐतवारी कामथडीला ये, दावते."

पोरगी दर ऐतवारी चालत आली. दिवाळीला चौकात आधी ती गायली, मग चंद्राबाई. त्यांचा तास संपल्याची खूण कुंडलिकरावांनी दोनदा केली. बाईंनी ती पाहिली, पेटीवाल्याला पुढचं पद सांगितलं आणि तंबोरा पुन्हा जुळवायला घेतला.