लडकूचा करगोटा

आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली आणि लडकूच्या रक्ताच्या तपासणीत पुन्हा काहीतरी वाढलेलं निघालं. रोग परतला का, आणि कुठे, हे बघायला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात किरणांचं औषध टोचून फोटो काढत. अंजूरहून रिक्षाने भिवंडी, पुढे एसटी, असा हा त्याच्या बायकोचा, ठकुबाईचा, त्याच्याबरोबरचा तिसरा हेलपाटा. पहिल्यांदा यंत्र बंद. दुसऱ्यांदा औषधच आलं नव्हतं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. तसं म्हणणाऱ्याने दवाखाना पाहिलेला नसावा.

सुई टोचल्यावर चार तासांनी फोटो निघाला. ओटीपोटात खाली ठसठशीत काळा डाग.

"औषध लघवीतून बाहेर पडतं," फोटोवाल्या बाई म्हणाल्या. "थेंब लागला असला तरी डाग दिसतो. धुऊन, झगा बदलून या."

लडकू धुऊन आला. डाग तिथेच. पुन्हा धाडला, तरी तिथेच. एवढा डाग खरा असेल तर ऑपरेशनला हात घालता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

ठकुबाईचं डोकं सणकलं. "अंगावर काय ठेवलंव का?"

"काय न्हाय," म्हणत लडकूने कान खाजवला. खोटं बोलताना तो कान खाजवायचा, हे तिला लग्नापासून ठाऊक. तिने सरळ झगा वर केला. कमरेला करगोटा! तोही बाजारातला नव्हे. तो काम करी त्या कारखान्यात लूमवर उरलेल्या सुताचा स्वतः वळलेला, बोटाएवढा जाड. अन् चिंब ओला.

"बाईंनी सगलं काढाया सांगितलं व्हतं ना?"

"करगोटा मेल्यावर तोडतान. जित्याचा न्हाय."

"मंग डाग घेऊन मरा!" ती ओरडली, आणि बाईंकडे कात्री मागितली. सरणावर ठेवताना करतात तेच आपण जित्या नवऱ्याचं करतोय, हे तिला कळत होतं. देवाचा राग आला, त्याच्याहून जास्त लडकूचा. तिने कचकन कापला.

बाईंनी तो चिमट्याने उचलून शिशाच्या डब्यात टाकला. नवा फोटो काढला. डॉक्टरांनी तो आधीच्या फोटोशेजारी धरला.

"मोठा डाग करगोट्यात मुरलेल्या लघवीचाच होता. पण त्याच्या आड एक लहान डाग आहे. तो रोगाचा असावा. एवढासाच आहे, काढता येईल असं वाटतं. पुढच्या आठवड्यात भरती व्हा."

म्हणजे रोग परतला होता. बाहेरच्या बाकावर लडकू मोकळी कंबर चाचपत बसला. "बघ, तोडलास नि..."

पुढचं ठकुबाईने बोलू दिलं नाही. लुगड्याचा काठ टरकन फाडला, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता त्याच्या कमरेला गुंडाळला आणि अशी करकचून गाठ मारली की लडकू कळवळला.

"ऑपरेशनच्या दिवशी ह्यो पन मीच कापनार हाय," ती म्हणाली. "तवा कान खाजवू नका."