बाराच्या वर

टेलरबाईंच्या घरात उघडं असं काही राहत नसे. टीव्हीला अंगरखा, मिक्सरला झबलं, पाण्याच्या पिंपाला झालरीचं टोपडं. शिवणयंत्राचं कव्हर मळू नये म्हणून त्यावर आणखी एक कव्हर होतं. पस्तीस वर्षं लोकांचे कपडे शिवून उरलेल्या तुकड्यांचं दुसरं करायचं काय, असं त्या विचारत. पण खरी गोष्ट अशी की त्यांचं आणि धुळीचं हाडवैर होतं.

त्यामुळे घडीचे दोन सोलर पॅनल घरात आले त्याच संध्याकाळी बाईंनी टेप काढली आणि दोघांना पांढऱ्या बारीक जाळीची कव्हरं शिवून टाकली. जाळी अशासाठी की ऊन आत जावं आणि धूळ बाहेर राहावी. चारी कोपऱ्यांना इलॅस्टिक, कडेला निळी पायपिंग. माप इतकं नेमकं की बघणाऱ्याला वाटावं, पॅनल कव्हरासकटच जन्माला आले.

हे पॅनल शेपटासाठी होते. शेपूट म्हणजे गाडीच्या मागे जोडायचा कॅम्पर ट्रेलर: दोघांपुरता पलंग, हातभर ओटा, गुडघ्याएवढा फ्रिज. नाव ठेवलं होतं नवऱ्याने. ते आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले, सगळे त्यांना ड्रायव्हरसाहेबच म्हणत. पन्नास माणसं ओढणाऱ्याने आता एक खोली ओढायची, असं ते कुरकुरले. पण शेपूट हट्टाने घ्यायला लावलं ते बाईंनी. नवऱ्याने चाळीस वर्षं रस्ते पाहिले आणि बाईंनी यंत्रासमोरची भिंत. त्या भिंतीचा पोपडा कुठल्या वर्षी कुठे निघाला, हे त्या अजून सांगतील. एकदा तरी हातयंत्र पाण्यासमोर मांडून बसायचं, एवढी एकच हौस त्यांनी आयुष्यभर जपली होती.

आडवी आली ती मुलगी. मोठ्या हॉस्पिटलात हेड नर्स. घरातही सगळे तिला सिस्टरच म्हणत, आणि तीही घरात वॉर्डात असल्यासारखीच वागे.

"बाबांचं इन्सुलिन त्या फ्रिजमध्ये राहणार," ती म्हणाली. "फ्रिज बॅटरीवर आणि बॅटरी उन्हावर. रोज सकाळी ऊन यायच्या आत बॅटरीचा आकडा मला कळवायचा. भरलेली असेल तर बारा पॉइंट सात व्होल्ट दाखवेल. बाराच्या खाली जाता कामा नये. आकडा बाराला टेकतोय असं दिसलं की मी येऊन तुम्हाला घेऊन जाणार, आणि ते शेपूट विकून टाकायचं."

"म्हणजे बॅटरीचे बारा वाजले की आमचेही वाजले," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. सिस्टर हसली नाही.

मग तिने वायरी, कंट्रोलरची डबी, कुठली पिन कुठे, सगळं वडिलांना समजावून सांगितलं आणि कागदावर लिहूनही दिलं. "आईला यात हात घालू देऊ नका, तिला नाही कळायचं." टेलरबाई शेजारीच उभ्या होत्या, पण त्यांच्या ओठांत टाचण्या धरलेल्या होत्या आणि टाचण्या तोंडात असताना टेलर बोलत नाही. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि मनात नीट घडी घालून ठेवलं.

दोघं मुक्कामाला उतरले ते तलावाकाठचं मैदान मोठं होतं. पाण्याचा नळ होता, वीज नव्हती. ड्रायव्हरसाहेबांनी आल्याआल्या शेपूट सर्वांत मोठ्या झाडाखाली लावलं, कारण गाडी उन्हात उभी करणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. पॅनल दहा पावलांवर गवतात उभे केले, वायर जोडली, बाईंनी कव्हरं चढवली. मग त्यांनी दारात हातयंत्र मांडलं. समोर पाणी होतं. पहिल्या दिवशी त्यांनी एक साधी उशीची खोळ शिवायला तीन तास लावले, कारण दर चार टाक्यांनी त्या मान वर करत होत्या.

पहिली सकाळ, बारा पॉइंट सहा. दुसरी, बारा पॉइंट चार. तिसरी, बारा पॉइंट दोन. ड्रायव्हरसाहेबांनी बॅटरी विकणाऱ्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली. बाईही मान डोलवत राहिल्या.

चौथ्या सकाळी आकडा बारा पॉइंट एक. सिस्टरने फोनवरच ठरवून टाकलं.

"उद्या मला सुट्टी आहे. दुपारपर्यंत येते. इन्सुलिनसाठी बर्फाचा डबा आणते. आई, हौस झाली ना? आता पुरे."

बाईंनी हातयंत्रावर कव्हर चढवलं. चार दिवस पाणी बघितलं आणि आता पुन्हा भिंत.

शेजारच्या ट्रेलरमध्ये एक काका उतरले होते. त्यांचा जनरेटर दिवसभर घोरत असे. त्यांनी आपण होऊन वायर आणून दिली. "लावा की, संकोच कसला? दोन तासांत बॅटरी फुल्ल." ड्रायव्हरसाहेबांनी हात पुढे केलासुद्धा.

"परत द्या ती," बाई म्हणाल्या. "उसन्या विजेने आकडा चढवायचा आणि पोरीला काय सांगायचं, उन्हाने चढला?"

"अगं, पण मग करायचं काय?"

"माप चुकलंय कुठेतरी. माप परत घ्यायचं."

आता मापाच्या बाबतीत टेलरबाईंना कोणी शिकवायची गरज नव्हती. गिऱ्हाईक काय सांगतं यावर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही, टेप काय सांगते यावर ठेवला. त्या टेप, लाल दोऱ्याचं रीळ आणि मूठभर खुंट्या घेऊन गवतात जाऊन बसल्या. दर अर्ध्या तासाला झाडाच्या सावलीच्या कडेला एक खुंटी ठोकायची आणि मागच्या खुंटीपासून तिला दोरा बांधायचा. सकाळ सरेपर्यंत गवतावर लाल दोऱ्याची बाही तयार झाली. ती बाही कुठे निघाली आहे हे पोरालाही कळलं असतं: दीड वाजता झाडाच्या फांदीची सावली थेट पॅनलवर येणार होती. रोज येत होती. आणि त्या वेळी दोघं जेवून आडवे झालेले असत.

त्यांनी पॅनल उचलून पंधरा पावलं पुढे नेले. मग हातातलं रीळ त्यांनी सहज पॅनलवर उभं टेकवून धरलं आणि त्याची लांबडी, तिरपी सावली बघितली. पॅनलचे मागचे पाय थोडे आत ओढले, सावली आखूड झाली. जरा फिरवले, आणखी आखूड झाली. सावली रिळाच्या बुडाखाली दडली, तेव्हा पॅनल सूर्याच्या अगदी नाकासमोर आला. कापडाचा उभा धागा सरळ लागला की हाताला जसं समाधान वाटतं, तसं त्यांना वाटलं.

पण बॅटरीत किती वीज जातेय ते दाखवणाऱ्या कंट्रोलरच्या डबीवर आकडा होता चार अँपिअर. सिस्टरच्या कागदावर लिहिलं होतं, चांगल्या उन्हात आठ.

बाई वैतागल्या. ऊन चांगलं, जागा चांगली, उभा धागा सरळ. कव्हरावर थोडी धूळ बसली होती, ती झटकायला त्यांनी दोन्ही कव्हरं उपसून काढली आणि झटकताझटकता डबीकडे नजर गेली. आठ पॉइंट एक.

त्यांनी कव्हरं परत घातली. चार. काढली. आठ.

त्या कव्हर मांडीवर घेऊन गवतात बसल्या. निळ्या पायपिंगचं, नेमक्या मापाचं, त्यांच्या हातचं कव्हर. अर्धं ऊन जाळीच्या दोऱ्यातच अडकून बसत होतं, आणि त्या चार दिवस बिचाऱ्या बॅटरीवाल्याच्या उद्धारात मान डोलवत होत्या. आजूबाजूला कोणी नव्हतं. कव्हरं गुपचूप पिशवीत कोंबली असती, तर या कानाचं त्या कानाला कळलं नसतं. सिस्टर म्हणाली होती, आईला नाही कळायचं. पोरीचं बरोबर होतं तर. हे फार लागलं.

पण चुकलेली शिवण झाकून गिऱ्हाईकाला कपडा देणं त्यांना कधी जमलं नव्हतं. उसवायची आणि पुन्हा घालायची. त्या उठून नवऱ्याकडे गेल्या.

"अहो, चोर सापडला. मीच आहे." आणि त्यांनी सगळं सांगितलं.

ड्रायव्हरसाहेबांनी कव्हर उन्हात धरून उलटसुलट बघितलं. मग म्हणाले, "अर्धा चोर तू. उरलेला अर्धा मी. मैदान एवढं मोकळं, आणि मी जाऊन झाडाला चिकटलो. पण काय गं, सावलीचं मापसुद्धा घेतलंस? दोऱ्याने?"

"मग काय अंदाजाने?"

त्या दिवशी टेलरबाईंनी शिवणकाम केलं नाही. दर तासाला रीळ घेऊन जायच्या, सावली दडेपर्यंत पॅनल वळवायच्या, ओल्या फडक्याने काच पुसायच्या आणि यायच्या. सूर्य मावळेस्तोवर त्यांनी त्याला सोडलं नाही. पाचव्या सकाळी आकडा आला बारा पॉइंट पाच. ड्रायव्हरसाहेबांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला, आणि आकडा कळवायला फोन उचलला.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "येतेच आहे ना, डोळ्यांनी बघेल."

सिस्टर आली ती बर्फाचा डबा घेऊनच. नमस्कार-चमत्कार नाही, सरळ फ्रिज उघडला, पर्समधून थर्मामीटर काढून आत ठेवला आणि घड्याळाकडे बघत पाच मिनिटं उभी राहिली. चार डिग्री. मग बॅटरीचा आकडा बघितला. मग तिची नजर शेजारच्या ट्रेलरकडे गेली.

"काकांची वायर घेतलीत ना?"

"आणून दिली होती," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "तुझ्या आईने परत पाठवली." ते एका खुर्चीत ऐसपैस बसले होते आणि त्यांच्या डोक्यावर चार काठ्यांना पांढऱ्या जाळीचं, निळ्या पायपिंगचं छत ताणलेलं होतं. "हे बघ, या जाळीने अर्धं ऊन अडवलं होतं. आता माझं अडवते. पन्नास वेळा सांगितलंस, आईला हात लावू देऊ नका. सिस्टर, मी बसच्या बॅटऱ्या जन्मभर बघितल्या, पण या बाईने सावलीला टेप लावली. असं माणूस माझ्या घरात आहे याचा मला अभिमान वाटतो, आणि हे तुझ्यासमोर सांगायला मी सकाळपासून थांबलोय."

टेलरबाईंनी मान खाली घातली. त्यांच्या ओठांत आज टाचण्या नव्हत्या, तरी त्यांना बोलता येईना.

सिस्टर गवतातल्या लाल दोऱ्यांपाशी गेली. एकेक खुंटी बघत शेवटपर्यंत चालत गेली आणि तितक्याच सावकाश परत आली. मग तिने बर्फाचा डबा उचलला आणि इन्सुलिन न भरता तसाच गाडीत ठेवून दिला. दार लावून तिने घड्याळ बघितलं.

"आई, बारा वाजले. चल, जेवून घेऊ."

"तुम्ही बसा दोघं," टेलरबाई म्हणाल्या आणि रीळ घेऊन उठल्या. "बारा वाजता माझं काम असतं."

सिस्टरने पायातल्या चपला काढल्या आणि ती आईच्या मागोमाग गवतात उतरली. "थांब," ती म्हणाली, "ते रीळ कसं धरायचं, मला दाखव."